न उचललेला भंडारा

मार्चची नऊ तारीख. वर्षाची हळद करायला बसले आहे. सांगलीहून आणलेली हळकुंडं निवडायची, फोडायची आणि अकराच्या आत गिरणीत पोचवायची. मलकापुरातला आमचा गिरणीवाला अकरानंतर मिरची घेतो आणि मग हळद घेत नाही. नोकरीत असताना हे काम मी कधी केलं नाही, सासूबाई करायच्या. बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हापासून ते माझ्याकडे आलं.

मनगटापर्यंत हात पिवळे झाले की एक दुपार डोळ्यांपुढे उभी राहतेच. अधिकारी मंडळी निवृत्तीनंतर लिहितात ते बहुधा छडा लागलेल्या गुन्ह्यांबद्दल. या प्रकरणाचाही छडा लागला होता, पण त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. गावाचं नाव आणि माणसांची नावं लिहीत नाही. ज्यांच्यावर हे बेतलं ते पुजारी मागच्या वर्षी वारले. त्यांच्या जावयाला फोन करून विचारलं, आणि त्याने "लिवा मॅडम" म्हटल्यावरच लिहायला घेतलं.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होते आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं एक ठाणं माझ्याकडे होतं. कोरडा मुलूख. बाजारात निम्मे लोक मराठीत भाव करतात आणि निम्मे कानडीत. हद्दीतल्या एका गावाबाहेर काळ्या दगडाचं शिवाचं देऊळ आहे, नऊशे वर्षांपूर्वीचं. हा सगळा पट्टा त्या काळी कुंतल देशात मोडायचा, कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, हे मला सीमेपलीकडच्या एका निवृत्त कानडी शिक्षकांनी सांगितलं. ते मोटारसायकलवरून अशी देवळं हिंडायचे, शिलालेखांवर कागद लावून ठसे घ्यायचे. या देवळाच्या दारावरच्या पट्टीवर जुन्या कानडीतला लेख आहे. गावाला त्यातलं अक्षर वाचता येत नाही, पण चुना लावायला आलेल्या रंगाऱ्याला गावाने तिथे कुंचला लावू दिला नव्हता.

देवळात सप्तमातृकांची एक शिळा होती. साडेतीन-चार फूट लांब, फूट-सव्वा फूट रुंद, एका ओळीत बसलेल्या सात देव्या. शिक्षक त्यांना मातृका म्हणायचे, गाव साती आसरा म्हणायचं. शिळा झिजून नाकं-डोळे गेले होते, म्हणून देवस्थान कमिटीने आदल्या महिन्यात संगमरवराची नवी मूर्ती आणून बसवली. जुनी शिळा काढून बाहेर ओट्याच्या कडेला, उकललेल्या दगडांजवळ ठेवली. जीर्णोद्धार चालू होता. फरशी, कमान, नव्या पायऱ्या. म्हाताऱ्या बायका मात्र हिरव्या बांगड्या घेऊन बाहेरच्या शिळेकडेच जायच्या.

एका सोमवारी सकाळी अशीच एक म्हातारी गेली आणि शिळा जागेवर नव्हती. तिने आरडाओरडा केला. तासाभरात कमिटीचे अध्यक्ष पाच माणसं घेऊन ठाण्यात हजर.

"मॅडम, लाखाची वस्तू हाय ती. मास्तर म्हनले हुते."

महिन्यापूर्वी हीच वस्तू त्यांनी उन्हात काढून ठेवली होती. पण ते मी तेव्हा बोलले नाही. त्या वर्षी शेजारच्या हद्दींतून दोन जुनी शिल्पं गेली होती आणि उपविभागीय अधिकाऱ्यांचा प्रत्येक बैठकीत त्यावर एक प्रश्न असायचा. गुन्हा नोंदवून घेतला. साहेबांना कळवलं. "दोन दिवसांत उलगडा पाहिजे," ते म्हणाले.

जीप काढेपर्यंत ठाणे अंमलदाराकडे फोन आला. नाव न सांगणारा माणूस. एवढंच म्हणाला की पुजारी शनिवारपासून गावात नव्हता, घोंगड्यात काहीतरी बांधून एसटीत बसताना त्याला पाहिलंय, आणि आज उजाडताना परत आलाय. अशा फोनमागे निम्म्या वेळा भाऊबंदकी असते, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत शिकायला मिळालं होतं. तरी मी तो फोन मनात धरला.

दुपारी देवळापाशी पंचनामा केला. पंच दोन. ओटा, दगडांचा ढीग, शिळेच्या जागी उरलेला तेलाचा डाग, नव्या तीन पायऱ्या, त्यांवर सिमेंट वाळू नये म्हणून टाकलेली ओली पोती. सगळं लिहून घेतलं. माझ्याबरोबरचे हवालदार वयाने मोठे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "मॅडम, चार माणसांबिगार ही शिळा हलायची न्हाई. घोंगड्यात कशी जाईल?"

"म्हणूनच साथीदार शोधायचे," मी म्हणाले.

पुजारी साठीच्या आतबाहेरचे. घराणं पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं, आता चार एकर डाळिंब. देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात. गाभाऱ्याची किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची. डोळे लाल होते. दाढी वाढलेली.

"शनिवारी-रविवारी कुठं होता तुम्ही?"

"पाव्हन्याकडं."

"कोणत्या गावाला?"

गप्प.

"कोण पाहुणे?"

"हायत एक." एवढंच. मग स्वतःहून म्हणाले, "बाईसाहेब, मला उद्याचा दिस सोडा. परवा म्हनशीला तितं येतो."

"उद्या कुठं जायचंय?"

पुन्हा गप्प. चोवीस तासांत गावाबाहेर पडू पाहणारा संशयित, ठिकाण सांगत नाही. माझा ठोकताळा पक्का झाला.

तोवर साठ-सत्तर माणूस जमलं होतं. अध्यक्ष पुढे आले. "मॅडम, कशाला एवढं विचारत बसताय? भंडारा उचलू द्या त्याला. हितल्या हितं निकाल."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती मुठीत घेऊन माणूस जे बोलतो ते खोटं नसतं, असा या भागात भरवसा आहे. कोर्टात हात वर करून बिनदिक्कत खोटं सांगणारे साक्षीदार मी इथेच भंडाऱ्यापुढे चळचळ कापताना पाहिलेत. तपासात याला काडीची किंमत नाही. गुन्ह्याच्या कागदात ते लिहिता येत नाही. हे मला पूर्ण माहीत होतं, आणि तरी मी म्हणाले, "चालेल. आणा ताट."

त्या ओल्या पोत्यांवर, मधल्या पायरीवर मी उभी होते. पुजारी खाली. ताट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला.

"उचला."

"न्हाई जमायचं."

"का?"

"न्हाई जमायचं, बाईसाहेब."

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. "घावला रं!" एकाने म्हटलं. एक बाई म्हणाली, "देवाचं खाऊन देवालाच इकलं मुडद्यानं." मी ताट धरणाऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि पुजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी सातला ठाण्यात ये. पळालास तर बघ."

ताट येईपर्यंत मी त्यांना तुम्ही म्हणत होते. त्यानंतर तू म्हणायला लागले, हे माझं मलाच लक्षात आलं नाही. नंतर हवालदारांनी सांगितलं.

मंगळवारी ते पावणेसातला हजर होते. लेखी नोटीस द्यायला हवी होती, दिली नाही. स्टेशन डायरीला नोंद घ्यायला हवी होती, तीही घेतली नाही. "नुसती विचारपूस करतोय" म्हणून माणसाला दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवायचं, ही पद्धत खात्यात सर्रास आहे. मीही ती वापरायचे. मोबाईल काढून घेतला आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकला.

आठच्या सुमारास तो वाजला. जुना बटणांचा फोन. पडद्यावर नाव आलं, "कुपवाड". वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. दहापर्यंत अकरा वेळा.

कुपवाड म्हणजे सांगलीची औद्योगिक वसाहत. लहान लहान कारखाने, शेडी, गोदामं, रोज शेकडो टेम्पोंची ये-जा. एखादी शिळा लाकडी खोक्यात बंद करून बाहेर पाठवायची तर त्याहून सोयीची जागा नाही. मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, खूशच झाले. पुजाऱ्यांपुढे फोन धरून विचारलं, "कोण हा? बोल. तुझी वाट बघतोय बहुतेक."

त्यांनी फोनकडे पाहिलं. "व्हय. वाट बघत्यात," म्हणाले. "मला जाऊ द्या, बाईसाहेब. दोन तासांचं काम हाय. संग शिपाई द्या पायजे तर."

"नाव सांग, मग सोडते."

नाव त्यांनी सांगितलं नाही. साडेदहानंतर फोन वाजायचा थांबला. तेव्हापासून ते मान खाली घालून बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मी शिपायाला म्हणाले, "फुटेल आता. असे गप्प झाले की फुटतात."

त्या नंबरचा पत्ता सांगलीहून काढला आणि हवालदार व एक शिपाई कुपवाडला पाठवले. चारच्या सुमारास हवालदारांचा फोन आला.

"मॅडम, हितं मयत झालीया."

"कुणाची?"

"पुजाऱ्याच्या लेकीची. नवरा फौंड्रीत हाय. एका खोलीत ऱ्हात्यात. किडन्या गेल्या हुत्या तिच्या. रविवारी दुपारी गेली. बाप शनिवारपासनं उशाला हुता म्हनं."

"मग आज सकाळचे फोन?" मी विचारलं.

"आज तिसरा दिस हुता, मॅडम. राख सावडायची हुती. साडेधापतुर सासऱ्याची वाट बघितली, फोन केलं, उचलला न्हाई. मग न्हेली कृष्णेला." मग म्हणाले, "घोंगडं हितंच हाय. डाळिंबं आनली हुती त्यातनं लेकीला."

फोन ठेवला. समोरच्या खणात त्यांचा मोबाईल होता. तो काढून टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलून हातात घेतला. 

पुजाऱ्यांना आत बोलावलं, दार लावलं, बसायला खुर्ची दिली. ते उभेच राहिले.

"कुपवाडहून कळलं," मी म्हणाले. "तुम्ही बोलला का नाहीत?" तुम्ही म्हणताना जीभ अडखळली.

हळूहळू त्यांनी सांगितलं. आठ वर्षांपूर्वी मुलीने परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. तेव्हा देवळापुढे, सगळ्या गावासमोर ते म्हणाले होते की ही आजपासून आम्हाला मेली. तिच्या नावाने अंघोळ केली. बायकोला तिकडे पाय ठेवू दिला नाही. आणि दोन वर्षांपासून, मुलगी आजारी पडल्याचं कळल्यावर, स्वतः चोरून जात होते.

"बायकूला म्हाईत न्हाई अजून, लेक गेलेली. तिला आठ वर्सं मीच आडवली. आता आज कसं सांगू?"

"पण भंडारा का नाकारला? चोरी तुम्ही केली नव्हती. शपथ खरीच झाली असती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शाळेतल्या पोरालाही कळेल ते हिला कळत नाही.

"शपथ खरी हुती, बाईसाहेब. हात इटाळलेला हुता. लेकीचं तीन दिसांचं सुतक. त्या हातानं देवाची हळद धरू?"

"तेवढंच सांगायचं होतं. सुतक आहे म्हणून."

"कुनाचं म्हनून सांगू? ह्याच लोकांम्होरं मी तिला मारली हुती. आता खरी मेली म्हनून ह्यांच्याचम्होरं रडू?"

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. जीपने गावाबाहेर सोडलं. "जीप गावात नगं," एवढं म्हणाले, आणि उतरताना, "लेकीचं नाव गावात काढू नगा. घरात मी सांगीन, माझ्या तोंडानं." मी शब्द दिला.

बुधवारी सकाळी मी पुन्हा देवळापाशी होते, तेव्हा कमानीचं काम करणारा गवंडी परतला. विजापूरकडचा माणूस. रविवारी पायऱ्या बसवून तो आपल्या तीन गड्यांसह गावी गेला होता, भावाच्या घरी लग्न होतं. देवळापुढे पोलीस बघून तो थेट माझ्याकडे आला.

"काय झालं, अक्का?"

"शिळा चोरीला गेलीय. साती आसरांची."

"कुटली? ती कडंची फळी? ती पायरीला लावली की मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्याने पुढे होऊन मधल्या पायरीवरचं पोतं उचललं. "मापात बसत होती बघा. अध्यक्षांना फोनवर विचारलो, जुने दगड वापरू का, म्हणले वापर. तोंड खाली केलोय, अक्का. आयांच्या अंगावर पाय पडायला नको म्हणून."

पहारीने शिळा उकलली. सात देव्या, सिमेंटने माखलेल्या, पण शाबूत. शिळा पालथी घालताना त्याने खाली वाळूचा थर दिला होता, नक्षी दुखावू नये म्हणून. सोमवारी तिच्यावरच उभी राहून मी भंडाऱ्याचं ताट मागवलं होतं. पंचनाम्यात पायऱ्यांची संख्या लिहिली होती, पोत्यांचा ओलेपणा लिहिला होता. पोतं उचलून पाहिलं नव्हतं.

गाव पुन्हा जमलं. सोमवारपेक्षा जास्त. अध्यक्ष हसत सुटले. "आयला, मीच म्हनलो हुतो व्हय! घावली म्हंजी झालं की." लोकही हसले. गवंड्याला कुणी रागावलं नाही, उलट चहा पाजला. मी मोठ्या आवाजात सांगितलं की चोरी झालेलीच नाही, पुजाऱ्यांचा यात काही संबंध नाही, त्यांना विनाकारण बसवून ठेवलं, ती चूक माझी.

पुजारी मागे उभे होते. अध्यक्षांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

"मग भंडारा का उचलला न्हाईस रं गड्या?"

हसणं थांबलं. सगळे वळले. पुजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बोलू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं. पण शब्द दिला होता, आणि ज्याचं दुःख त्याने झाकलं होतं ते उघडं करायचा हक्क मला नव्हता. माझं गप्प राहणं त्या दिवशी बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. त्याने त्यांना काही फायदा झाला नाही, एवढं खरं.

"चोरी न्हाई तर दुसरं कायतरी आसंल," कुणी म्हणालं. "कायतरी हायच की."

"अध्यक्ष, मी सांगते ना, यांच्यावर काही नाही," मी म्हणाले.

"आवं मॅडम, तुमी सांगताय ते खरं. पर भंडारा नाकारलेला मानूस देवाला कसा चालंल? तुमच्याच म्होरं झालं की समदं. तुमीच ताट मागिवलं." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. सरळ माणूस, सरळ सांगत होता. "तवर चुलतभाऊ करंल पूजा. बघू पुढं."

"बरं," पुजारी म्हणाले. करगोट्याची गाठ सोडून त्यांनी गाभाऱ्याची किल्ली काढली, त्या सिमेंट लागलेल्या शिळेच्या कडेला ठेवली आणि डाळिंबाच्या बाजूने चालत गेले. "पुढं" कधी बघितलं गेलं नाही. मरेपर्यंत ते त्या देवळाच्या बाहेरूनच हात जोडायचे, असं जावई म्हणाला.

गुन्ह्यात काहीच नव्हतं. "गैरसमजाने दाखल" म्हणून प्रकरण निकाली निघालं असतं, साहेबांनी शिळा सापडल्याबद्दल फोनवर शाबासकीही दिली. मला त्या प्रकरणाने शिकवलं ते असं. माणूस गप्प बसला की पोलीस त्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावतो. अपराध लपवणारा आणि दुःख लपवणारा, दोघे बाकड्यावर सारखेच दिसतात, घाम सारखाच येतो. फरक शोधायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे वेळ होता. मला साहेबांच्या दोन दिवसांची घाई होती. दुसरं असं, की या भागातले रीतीरिवाज मला माहीत आहेत याचा मला अभिमान होता. भंडाऱ्याची भीती मला माहीत होती. सुतकातला माणूस भंडारा धरत नाही, हेही माहीत होतं, आमच्याच घरात पाळतात. लाल डोळे, वाढलेली दाढी समोर होती. तुमच्या घरी काही झालंय का, एवढा एक प्रश्न तेव्हा मी विचारला नाही.

गुरुवारी सकाळी आठला मी ठाण्यात गेले. स्टेशन डायरी मागवून घेतली आणि न लिहिलेले दोन दिवस वेळेवारी लिहून काढले. सोमवारी दुपारी अमुक वाजता जमावासमोर संशयितास देवाची शपथ घ्यावयास लावली, कायद्यात तरतूद नसताना. मंगळवारी सकाळी पावणेसात ते सायंकाळ, नोटीस न देता, नोंद न घेता बसवून ठेवले. मोबाईल काढून घेतला, पावती दिली नाही. त्या कालावधीत त्यांच्या निकटच्या मृत नातेवाइकाचा तिसऱ्या दिवसाचा विधी होता, त्यांनी जाऊ देण्याची विनंती दोनदा केली, ती मी नाकारली. नातं आणि नाव लिहिलं नाही. उशिराने घेतलेली नोंद म्हणून तारीख-वेळ घातली, खाली सही केली, आणि त्याची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांच्या नावे अहवाल म्हणून तयार केली.

ठाण्याची लिखापढी बघणाऱ्या आमच्या रायटरने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कुनीच तक्रार केलेली न्हाई. हे पाठवायचंच का?"

"जावकला नंबर घाल," मी म्हणाले, "आणि दहाच्या टपालात टाक."